ठराव सर्वानुमते मंजूर

१२ फेब्रुवारी

वकीलसाहेब म्हणाले, "डॉक्टर, आजपासून जे घडेल ते तारखेनिशी लिहून ठेवा. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर तोंडी काही टिकत नाही." म्हणून औषध कंपनीने फुकट दिलेली ही डायरी काढली. एरवी ती आमच्या हिच्याकडे जाते आणि ही तिच्यात माणसांची नाकं काढते. यंदा मी ठेवून घेतली.

हकीकत अशी. नगरपरिषदेच्या सभागृहाच्या वर्धापनदिनाला कलामंडळाने चित्रांचं प्रदर्शन भरवलं. हिला मंडळाने केव्हाच काढून टाकलंय. हिने सगळ्या संचालकांना भुसा भरलेल्या पक्ष्यांच्या रूपात रंगवलं होतं, काचेच्या कपाटात, पायाला चिठ्ठ्या बांधून. त्याच्याही आधी चित्रशाळेतली नोकरी गेली होती. तिथे प्राचार्य अडकले होते, चित्रात. पण मंडळाच्या नव्या सचिवांना मन मोठं दाखवायचं होतं. त्यांनी झालं गेलं विसरून सगळ्यांना बोलावलं. हिने चित्राचं नाव कळवलं : 'ठराव सर्वानुमते मंजूर'. त्यांना वाटलं गौरवाचं काहीतरी असणार. काल भर समारंभात नगराध्यक्षांच्याच हस्ते पडदा ओढला गेला.

चित्रात नगरपरिषदेचे सदस्य दातांच्या डॉक्टरकडच्या खुर्च्यांवर रांगेने आडवे पडलेत, सगळे आ वासून. मागच्या खिडकीतून नदीकाठची घरं पाडताना दिसतात. (तो ठराव गेल्या वर्षी एका बैठकीत, चहा निवायच्या आत मंजूर झाला होता.) मधल्या खुर्चीतल्या गृहस्थाची कवळी हिरडीवरून सुटून पुढे आलीय आणि एकटीच बोलतेय.

असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही. चित्र आमच्याच घरात, मागच्या खोलीत झालं; पण टर्पेंटाइनच्या वासाने माझं डोकं उठतं म्हणून मी तिकडे फिरकत नाही. शिवाय माझा दातांचा दवाखाना असतो.

१३ फेब्रुवारी

आई शेजारणीला घेऊन प्रदर्शन बघून आली. म्हणाली, "सूनबाईने नाव काढलं बाई! उभं राहायला जागा नाही." मी विचारलं, चित्र कसं आहे. "मला चित्रातलं काय कळतंय? पण सगळे पोट धरून हसत होते, आणि एक बाई रडत होती. तिचं घर होतं म्हणे नदीकाठी."

हिला विचारलं, आता पुढे काय? म्हणाली, "पुढे काय ते बघणाऱ्यांनी ठरवायचं. माझं काम झालं." आणि ब्रश धुवायला मोरीत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काम झालं म्हणून ही कधी आनंदात दिसत नाही. ताप उतरलेल्या माणसासारखी दिसते.

आज दोन रुग्णांनी वेळ रद्द केली. दोघेही नगरपरिषदेत नोकरीला.

१५ फेब्रुवारी

शेवटी गेलो. दवाखाना लवकर बंद केला.

चित्र माझ्या कल्पनेपेक्षा खूप मोठं आहे. घराच्या दारातून बाहेर कसं काढलं कोण जाणे. शास्त्रीयदृष्ट्या बोलायचं तर काम अचूक आहे. दाढा, हिरड्या, पडजीभ, सगळं जागच्या जागी. बाजूला दंतवैद्य उभा दाखवलाय, हातात आरसा, तोंडावर मास्क. मास्क नीट नाकावर घेतलेला आहे, हे बरोबर आहे. लोक चित्राकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून चित्राकडे बघत हसत होते. मी नमस्कार केला.

मग मी मधल्या तोंडाजवळ गेलो आणि चष्मा पुसून परत पाहिलं.

त्या कवळीत वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर किंचित चढलेला आहे. तो तसा मी बसवलाय. कवळी खोटी वाटू नये म्हणून रुग्णाने मुद्दाम मागून घेतलेला वाकडा सुळा! त्याचा मेणातला नमुना माझ्या दवाखान्यात आतल्या फळीवर आहे. रुग्ण कोण ते मी इथेही लिहिणार नाही. पण गावातल्या प्रत्येक फलकावर ते हसू लावलेलं आहे आणि सभेत ते सांगतात, "माझ्या शब्दांसारखेच माझे दातही अस्सल आहेत."

१६ फेब्रुवारी

सकाळी फळीवरचा नमुना उचलून पाहिला. मेणावर अंगठ्याचा ठसा. पिवळ्या रंगाचा.

तसाच हातात घेऊन घरी आलो. ही कॅनव्हासला अस्तर लावत होती. मी नमुना समोर धरला. तिने नाकारलं नाही. तेवढं एक तिचं आहे, खोटं बोलत नाही.

"त्या दिवशी तुमचा डबा द्यायला आले होते. तुम्ही आत दाढ काढत होतात. फळीवर हे दिसलं. अहो, इतकं सुंदर होतं! खोटा दात, आणि तोही खोटाखोटा वाकडा. अख्खी नगरपरिषद त्या एका सुळ्यात होती. मी कशी सोडणार?"

"तो माझा रुग्ण आहे."

"मी नाव कुठे लिहिलंय?"

"माणूस माझ्यापुढे तोंड उघडतो तो माझ्या भरवशावर. ती घरं पाडली त्याबद्दल तू त्याला उलटा टांगलास तरी मी अवाक्षर काढलं नसतं. पण हे त्याने चोरून ठेवलं होतं, आणि ठेवायला दिलं होतं माझ्याकडे."

"तुम्ही एरवीही अवाक्षर काढत नाहीच," ती म्हणाली.

याचा इथे काय संबंध ते मला कळलं नाही. मी नमुना रुमालात गुंडाळला, ती अस्तर लावत राहिली. आईने मधे येऊन विचारलं, "मीठ जास्त झालंय का रे?" जेवण वाढलेलंसुद्धा नव्हतं.

१८ फेब्रुवारी

ते दवाखान्यात आले. मदतनीस बाईंना बाहेर पाठवायला लावलं आणि खुर्चीत न बसता उभे राहिले.

"डॉक्टर, ते दात माझे नाहीत असं मला लिहून द्या."

मी म्हटलं, "कोणाचे आहेत असं कोणी लिहिलंय का?"

"गाव बोलतंय ना! माझे वकील म्हणतात, बदनामीचा दावा लावायचा तर आधी ते तोंड माझं आहे हे मला सिद्ध करावं लागेल. आणि सिद्ध करायचं तर..." ते थांबले. "म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय."

मला हसू यायला नको होतं. मास्क होता म्हणून बरं.

"मी लिहून देणार नाही," मी म्हटलं. "तुमचे आहेत असंही नाही आणि नाहीत असंही नाही. तोंडातली गोष्ट मी दाराबाहेर नेत नाही."

"घरात नेता, एवढंच ना?"

माझी नजर आतल्या फळीकडे गेली. ते गेले.

हे मी तिला सांगितलं, पण कोण आलं होतं ते न सांगता. तिने ओळखलं असणारच. फक्त एवढं म्हणालो, "ते दात बदल. बाकी चित्र जसं आहे तसं राहू दे." तिने हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही आजपर्यंत माझ्या चित्रात हे बदल ते बदल म्हणाला नाहीत."

मी म्हटलं, "मी त्यातला नाही."

"तेच," ती म्हणाली. "बदलते. तुमचं बरोबर आहे. परवा जाऊन तिथेच बदलते."

इतक्या सहज मानेल असं वाटलं नव्हतं. बरं वाटलं. का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं.

२० फेब्रुवारी

ही रंगांची पेटी घेऊन सभागृहात गेली ती तासाभराने तशीच परत आली. पेटी उघडलेलीच नव्हती.

चित्र फाडलंय. धारदार कशाने तरी, डावीकडून उजवीकडे, तोंडांच्या रांगेवरून सरळ. रखवालदार म्हणतो, मी कुलूप लावलं तेव्हा धड होतं, उघडलं तेव्हा असं. किल्ल्या दोनच, एक त्याच्याकडे आणि एक नगरपरिषदेच्या कचेरीत. पोलिसांनी लिहून घेतलं, 'अज्ञात इसम'. कलामंडळाच्या सचिवांनी हात जोडून सांगितलं की आता चित्र घेऊन जा, उगाच अजून काही नको. दोन हमालांनी ते हातगाडीवरून आणून टाकलं.

ही रडली नाही. हाताने फाटलेल्या कडा जुळवून बघत होती आणि सोडून देत होती, जुळवत होती आणि सोडून देत होती. मी चहा केला. मला चांगला जमत नाही. ती प्यायली.

आमच्या मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही काही करणार आहात की नाही?" मी म्हटलं, वकीलसाहेबांना कळवलंय. "ते नाही हो," ती म्हणाली आणि फोन हिला द्यायला लावला.

२३ फेब्रुवारी, रविवार

दवाखान्यातून हिरडी शिवायचा रेशमी दोरा आणि वाकड्या सुया आणल्या. तिला म्हटलं, "शिवू का?"

ती म्हणाली, "चित्र असं शिवत नाहीत. मागून ठिगळ लावायचं, सरस भरायचा, वरून रंग. कळतसुद्धा नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "शिवा."

चित्र जमिनीवर पालथं घालून तिने आधी मागून ठिगळ चिकटवलं. मग उताणं करून मी बसलो. कपाळावर दिवा बांधला. कॅनव्हास हिरडीपेक्षा चिवट असतो. वास होताच, पण कामात असलं की जाणवत नाही. टाके मी नेहमीसारखेच घातले, एकसारखे, जवळजवळ. ती समोर बसून दोन्ही हातांनी कडा धरत होती. आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "माझी दाढ काढलीस तेव्हा इतकं हळू नाही केलंस."

इतक्या जवळून मी हिचं काम पहिल्यांदा पाहिलं. लांबून लाल दिसणाऱ्या जिभेत निळा आहे, हिरवा आहे. एका सदस्याच्या दातांवर खिडकीतली पडती घरं उलटी दिसतात, एवढीएवढीशी, दाराखिडक्यांसकट. एका दारात बाई उभी आहे. नखाएवढी. तिला चेहरा आहे. मी विचारलं, हे इतकं बारीक कोण बघणार? ती म्हणाली, "आता बघितलंत की."

चीर शिवत शेवटी दंतवैद्यापाशी पोचलो. तेव्हा दिसलं, त्याच्या चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी आहे. माझ्या चष्म्याला गेल्या पावसाळ्यापासून आहे. कानही माझेच.

"हा मी आहे का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "सगळ्यांची तोंडं उघडी आणि माझंच झाकलेलं."

"हं," ती म्हणाली, आणि कडा घट्ट धरली. मी त्याच्या गळ्यापाशी शेवटचा टाका घातला आणि गाठ मारली. पाठ अजून दुखतेय.

२७ फेब्रुवारी

नगरपरिषदेची बैठक. विषय : 'सभागृहातील प्रदर्शनास लागलेले गालबोट'. आम्हाला दोघांना बोलावणं होतं. आई हट्टाने आली. लोकांसाठीचे बाक भरून गेले होते.

एक सदस्य उभा राहिला. अध्यक्षांचा उजवा हात समजतात त्याला. फार जोशात म्हणाला, "डॉक्टरांनी इथे सर्वांसमोर सांगावं, चित्रातले ते दात कोणाचे?" अध्यक्षांचा चेहरा असा झाला, जणू भूल चढायच्या आतच दाताला हात लागलाय. त्यांनी त्या सदस्याचा कोट खाली ओढला, पण प्रश्न सुटून गेला होता.

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "कोणाच्या तोंडात काय आहे ते मी सांगत नसतो. साहेब, तुमच्याही तोंडाबद्दल मला कोणी विचारलं तर हेच सांगेन." तो सदस्य चटकन बसला. त्याच्या दाढा मला माहीत आहेत.

हिला विचारलं, खेद व्यक्त करणार का. ती म्हणाली, "एका गोष्टीचा खेद आहे, तो मी घरात व्यक्त केलाय. घरं पाडली त्याचा खेद तुम्ही करा, मग माझ्या चित्राचं बघू."

मग ठराव आला : यापुढे हिचं कुठलंही चित्र सार्वजनिक इमारतीत लावू नये. अध्यक्षांनी विचारलं, "मान्य आहे?"

"आऽहे!"

सगळे एका रांगेत, सगळ्यांची तोंडं एकदम उघडली. हुबेहूब. तेवढ्यात मागच्या बाकावरून आईचा आवाज आला, "चूळ भरा आता."

असं हसू मी कधी ऐकलं नाही. शिपायाला बाक रिकामे करायला बरीच खटपट करावी लागली. ही मात्र हसली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "मी या सभागृहात लहानपणी पहिलं बक्षीस घेतलं होतं."

७ मार्च

दवाखाना मंदावलाय. जे येतात ते दातांसाठी कमी आणि चौकशीसाठी जास्त. ही मागच्या खोलीत जाते, बसते, ब्रश हातात घेत नाही. शिवलेलं चित्र भिंतीला टेकवलेलं आहे. मी दुपारचा चहा तिथे जाऊन पितो. वासाची सवय होते.

आज मोठ्या शहरातल्या एका कलादालनातून फोन आला. त्यांच्याकडे बातमी पोचलीय. चित्र त्यांना हवंय, दर्शनी भिंतीवर. टाके तसेच ठेवा म्हणाले. आणि, "ते प्रसिद्ध दात तर हवेतच. लोक त्यासाठीच येतील."

इतक्या वर्षांत हिला असं बोलावणं आलेलं नाही. फोन ठेवल्यावर तिने ओला हात पदराला पुसला, मग परत पुसला. आईने दृष्ट काढल्यासारखी तिच्यावरून बोटं मोडली.

दातांचं मी काही बोललो नाही. चित्र फाडल्यावर तो विषय संपला असं मला वाटतं. फाडणाऱ्यांनीच संपवला.

१३ मार्च

तेच रुग्ण मागच्या दाराने आले. कवळी मधोमध तडकली होती. मदतनीस बाई जेवायला गेल्या होत्या. मी काही न विचारता खुर्ची मागे घेतली.

हिरडी सुजलेली होती, वेदना खऱ्या होत्या. ठसा घ्यायला तोंडात भरलेला साचा धरून ठेवावा लागतो, तेवढा वेळ रुग्णाला बोलता येत नाही. त्या वेळात मी बोललो. "चित्र कोणी फाडलं मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर ते वाईट झालं. माझी बायको चुकली तेव्हा मी तिला तोंडावर सांगितलं. तुमच्या माणसांना कोण सांगणार?" ते छताकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते साच्याने कोणालाही येतं.

मग मलाच लाज वाटली. तोंड भरलेल्या माणसाला बोलणं हा काही पुरुषार्थ नाही. साचा काढला, त्यांना चूळ भरू दिली आणि तेच सगळं पहिल्यापासून परत म्हणालो.

त्यांनी रुमालाने ओठ टिपले. दातांशिवाय ते फार म्हातारे दिसतात. म्हणाले, "मी फाडायला सांगितलं नव्हतं. पण किल्ली कोणी मागितली ते मला माहीत होतं." मग म्हणाले, "माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं, डॉक्टर. कवळीचं. रोज ती निजली की मी उठून धुवायचो. आता ती जेवताना माझ्याकडे बघत नाही."

मी त्यांना तात्पुरती कवळी दिली. सुळा सरळ ठेवू की तसाच, विचारलं. म्हणाले, सरळ ठेवा.

१६ मार्च, रविवार

उद्या गाडी येणार चित्र न्यायला. चहा घेऊन आत गेलो, परत आलो. परत गेलो.

"काय झालं?" हिने विचारलं.

"ते दात बदल," मी म्हटलं. "का ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. त्यांना दात हवेत म्हणून कदाचित चित्र परत पाठवतील. तुझं एवढ्या वर्षांचं... मला कळतं. तरी म्हणतो. बाकीचं सगळं तसंच राहू दे. घरं, टाके, मी, सगळं."

ती माझ्याकडे बघत राहिली. चित्राकडे बघते तशी, डोळे बारीक करून.

"तुमचं झालं का बोलून?"

"झालं."

तिने पात्याने तो सुळा खरवडला. मग शेजारचा, मग अख्खी रांग. रंगाची सालपटं जमिनीवर पडली. तडजोड करताना माणसं चेहरा पाडतात. ही बाई कामाला लागली होती. एवढ्या दिवसांनी तिच्या गालाला पिवळ्या रंगाचा चुरा लागला होता. दात गेले आणि मधल्या खुर्चीत नुसतं अंधारं तोंड राहिलं.

"रिकामं नाही चालणार," ती म्हणाली. "सुळा गेला म्हणून खुर्ची सुटली असं नको. कोणाचे दात घालू?"

मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसलो, उजेडाकडे मान केली आणि आ केला.

तिने आधी विचारलं, नक्की का. मला तोंड उघडं ठेवून बोलता येईना, म्हणून हाताने खूण केली, काढ. आई दाराशी येऊन बघून गेली. संध्याकाळपर्यंत मी तसाच बसलो होतो. जबडा भरून येतो, मानेला रग लागते, थुंकी गिळता येत नाही, आणि समोरचं माणूस मात्र म्हणत असतं, झालंच, अजून थोडंसं.